सातूवर संशोधन करताय? या चुका टाळा

सातू, जव, यव ही बार्ली या एकाच धान्याची नावं. पण मराठीत ‘जव’ म्हटलं की बऱ्याच जणांना जवस आठवते. ‘सातू’ म्हटलं की भाजलेल्या गव्हाचं आणि डाळ्याचं पीठ आठवतं, दूध-गुळात कालवून खायचं. ‘यव’ पूजेच्या यादीत असतात आणि पुडीतून येतात. शेतात उभं असलेलं पीक मात्र महाराष्ट्रात फारसं कुणी पाहिलेलं नसतं. ते राजस्थान, उत्तर प्रदेश, हरयाणाकडचं. त्यामुळे राहुरी, परभणी, अकोल्याहून वनस्पती प्रजनन शिकून कर्नालच्या गहू-सातू संशोधन संस्थेत, किंवा पुढे जर्मनी-स्कॉटलंडला सातूवर काम करायला जाणाऱ्या मुलामुलींच्या हाताला ज्वारी, हरभरा, तूर यांचीच सवय असते.

माझंही तसंच होतं. मी मूळची ज्वारीची. सातू हाती आला तेव्हा वाटलं, सोपं पीक मिळालं. गव्हासारखे गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे जीनोम, एकमेकांत गुंतलेले नाहीत, गुणसूत्रांच्या फक्त सात जोड्या, स्वपरागीभवन, वर्षात एक पिढी सहज निघते. पुस्तकात सगळं सरळ दिसतं, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. पुढे लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या मी स्वतः केल्या आहेत आणि उरलेल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत पाहिल्या आहेत. जवळपास सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपण नेमकं काय पाहतो आहोत, हे विचारायचं राहून जातं. हा दाणा कोणत्या पिढीचा, ही ओंबी कोणाची, हा नकाशा कोणत्या वाणाचा?

ओंबी बाहेर आली म्हणजे उशीर झाला

ज्वारीचं कणीस निसवतं, पूर्ण बाहेर येतं आणि मग वरून खाली फुलत जातं. आपल्याला अंदाज घ्यायला वेळ मिळतो. त्याच सवयीने मी पहिल्या हंगामात सातूची ओंबी पोटरीतून छान बाहेर येण्याची वाट पाहिली. मग चिमट्याने परागकोश काढले, पिशव्या चढवल्या, तिसऱ्या दिवशी पराग टाकला. दाणे भरले आणि मी खूश झाले. पुढच्या वर्षी ती सगळी झाडं हुबेहूब आईसारखी निघाली. संकर एकही नव्हता.

सातूमध्ये बऱ्याच वाणांत परागकोश ओंबी पोटरीत असतानाच फुटतात, निदान कुसळांची टोकं दिसू लागतात त्या सुमाराला. म्हणून कुसळं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर दिसली की लगेच पान हळूच सोलून आत बघायचं. परागकोश हिरवे असतील तर वेळ बरोबर आहे. पिवळे झाले असतील आणि चिमटा लागताच पावडर उडत असेल तर ती ओंबी सोडून द्या, तिच्यावर मेहनत वाया घालवू नका. ओंबीचा मधला भाग आधी पक्व होतो, म्हणून मधलंच फूल उघडून तपासायचं. टोकाचं फूल हिरवं दिसलं म्हणून समाधान मानायचं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. सातूच्या प्रत्येक पेरावर तीन फुलं असतात. सहाओळीत तिन्हींत दाणा भरतो, दोनओळीत फक्त मधल्यात. मग दोनओळी आई असली की विद्यार्थी बाजूच्या फुलांकडे लक्षच देत नाहीत, ती वांझ आहेत असं धरून चालतात. पण काही दोनओळी वाणांत या बाजूच्या फुलांत परागकोश असतात आणि ते पराग देतात. बाजूची फुलं सरसकट काढून टाका, आई दोनओळी असो वा सहाओळी. मधल्या फुलाचा वरचा तिसरा भाग कात्रीने छाटा, तिन्ही परागकोश मोजून काढा, बटर पेपरची पिशवी चढवा आणि तारीख लिहा. दोन-तीन दिवसांनी कुक्षी पिसासारखी फुललेली दिसली की सकाळी ताजा पराग वापरा. दुपारपर्यंत डबीत ठेवलेल्या परागावर भरवसा ठेवू नका.

संकर झाला की नाही, हे कसं ओळखायचं

इथे आई कोण निवडता यावर सगळं अवलंबून आहे. दोनओळी हा गुण प्रभावी आणि सहाओळी अप्रभावी. म्हणून सहाओळी झाड आई ठेवलं आणि दोनओळी बाप, तर एफ-१ ची, म्हणजे संकराच्या पहिल्या पिढीची, ओंबी दोनओळीसारखी दिसते, बाजूची फुलं थोडी फुगीर. खऱ्या संकराची खूण नुसत्या डोळ्यांनी पटते. उलट केलं, म्हणजे दोनओळी आई आणि सहाओळी बाप, तर स्वपरागाने झालेलं झाड आणि खरा संकर साधारण सारखेच दिसतात आणि तुम्हाला डीएनए चाचणीशिवाय काही सांगता येत नाही. शक्य असेल तिथे अप्रभावी गुण आईकडे ठेवा. पंचवीस ओंब्यांचं काम त्याने वाचतं.

आता त्याहून मोठा घोटाळा, आणि मला वाटतं सातूतला हा सर्वात शिकवणारा घोटाळा आहे. बिनतुसाचा, म्हणजे नग्न सातू हा ‘नड’ या जनुकाच्या अप्रभावी रूपामुळे होतो. हे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे आणि २००८ मध्ये ते ओळखलं गेलं. एका विद्यार्थिनीने नग्न वाण आई आणि तुसाचा वाण बाप घेऊन संकर केला. आलेलं बी नग्नच होतं. ती रडवेली होऊन आली, संकर फसला म्हणून. फसला नव्हता. तूस म्हणजे फुलाचं आवरण, ते आईचं अंग. तूस दाण्याला चिकटवणारा थरही दाण्याच्या बाहेरच्या सालीवर तयार होतो आणि ती सालसुद्धा आईचीच असते. आतला गर्भ नवा, पण कपडे आईचे. त्या बियांपासून उगवलेल्या एफ-१ झाडावर जे दाणे येतील ते तुसाचे असतील, तेव्हा संकर झाला असं म्हणायचं.

तिथेच गोंधळ संपत नाही. एफ-१ झाडावरचे दाणे म्हणजे एफ-२ पिढीचं बी. त्यात ३:१ प्रमाण शोधायला गेलात तर मिळणार नाही, सगळेच तुसाचे, कारण कपडे एफ-१ चे आहेत. ३:१ दिसेल ते एफ-२ झाडांच्या ओंब्यांत, एका झाडाच्या सगळ्या दाण्यांचं एकच उत्तर असं. पण त्याच एफ-१ ओंबीत स्टार्चचा गुण पाहिलात तर चित्र वेगळं. मेणचट स्टार्चचा वाण एका बाजूला असेल तर एफ-१ ओंबीतले दाणे अर्धे कापून आयोडिन लावा. साधे दाणे निळे-काळे होतात, मेणचट तांबूस राहतात, आणि प्रमाण तिथल्या तिथे ३:१ च्या आसपास. कारण स्टार्च भ्रूणपोषात, म्हणजे दाण्यातल्या पिठूळ भागात, असतं आणि भ्रूणपोष नव्या पिढीचा. एकाच ओंबीत दोन पिढ्या शेजारी बसलेल्या असतात. भ्रूणपोषाच्या बाहेरच्या थराचं, म्हणजे निळ्या ॲल्युरोनचंही तसंच. बाप निळ्याचा आणि आई पांढऱ्याची असेल तर संकराचं बी आईच्या ओंबीतच निळसर दिसू शकतं.

हा भेद कळला नाही तर पुढचे सगळे आकडे सरकतात. एफ-२ झाडाच्या पानातून डीएनए काढायचा आणि त्याच झाडाच्या दाण्यांतली प्रथिनं मोजायची, तर दाणे एफ-३ आहेत. बीटा-ग्लुकन हा तंतुमय पदार्थ भ्रूणपोषातला, तुसाचं प्रमाण आईच्या अंगाचं. वहीत प्रत्येक गुणासमोर एक रकाना ठेवा, ‘ऊती कोणाची’ असा. मी सगळ्या विद्यार्थ्यांना तो आखायला लावते.

एफ-१ वर भुरी आली म्हणून झाडं उपटू नका

सातूवर भुरी येते आणि तिच्याविरुद्धचं सर्वात टिकाऊ हत्यार म्हणजे ‘एमएलओ’ या जनुकाचं मोडलेलं रूप. १९४२ मध्ये जर्मनीत क्ष-किरणांनी घडवलेल्या उत्परिवर्तनातून ते पहिल्यांदा हाती आलं, पुढे इथिओपियाच्या पारंपरिक वाणांत निसर्गतःही सापडलं, आणि १९९७ मध्ये जनुक वेगळं केलं गेलं. बहुतेक रोगप्रतिकारक जनुकं प्रभावी असतात. हे उलटं आहे. साबूत जनुकाचं प्रथिन बुरशीला आत शिरायला लागतं, ते मोडलं की बुरशी अडते. म्हणून दोन्ही प्रती मोडलेल्या हव्यात. एफ-१ मध्ये एक प्रत साबूत असते आणि एफ-१ भुरीने पांढरी पडते. हे पाहून पूर्ण संकर टाकून देणारे मी पाहिले आहेत. एफ-२ मध्ये चारातलं एक झाड स्वच्छ मिळायला हवं, तोवर थांबा.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची. एमएलओ झाडांच्या पानांवर आपोआप बारीक तपकिरी ठिपके येतात, रोग नसतानाही. नवखा निरीक्षक त्याला करपा समजून रोगाचे गुण देतो आणि चांगली झाडं नापास होतात. तिसरी, पाण्याची. कोरड्या पडलेल्या कुंड्यांना अचानक भरपूर पाणी दिलं की एमएलओ झाडंही काही काळ भुरीला बळी पडतात. हरितगृहात सोमवारी सकाळी रविवारची चुकवलेली पाळी भरून काढली जाते, गुरुवारी भुरी दिसते, आणि अहवालात ‘प्रतिकारशक्ती मोडली’ असं लिहिलं जातं. आधी पाणी देण्याची वही बघा.

ओंबी हातात तुटली तर

दोन उत्तम, न झडणारे वाण घेतले, संकर केला, आणि एफ-१ ची पिकलेली ओंबी हात लावताच पेरापेराने तुटून खाली पडली. जंगली सातूसारखी! पहिला संशय जंगली परागाचा येतो. बहुतेक वेळा तसं काही नसतं.

जंगली सातूची ओंबी तुटते ती ‘बीटीआर-१’ आणि ‘बीटीआर-२’ या दोन जनुकांमुळे. दोन्ही चालू असली तरच ती तुटते. तिसऱ्या गुणसूत्रावर ती एकमेकांना अगदी चिकटून आहेत. माणसाने सातू शेतात आणला तेव्हा पश्चिम आशियात दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन वेगवेगळे बिघाड निवडले गेले, एका वंशात पहिलं जनुक मोडलं, दुसऱ्यात दुसरं. २०१५ मध्ये हे जनुकांच्या पातळीवर उलगडलं. आज ढोबळमानाने पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या वाणांत ही विभागणी दिसते. दोन्ही वंशांचा संकर केला की एकाचं मोडलेलं दुसऱ्याने भरून निघतं आणि दहा हजार वर्षांपूर्वीची सवय परत येते. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्या तुटलेल्या पेरांकडे किती तरी वेळ बघत बसले होते.

आता प्रमाण. दोन स्वतंत्र, पूरक जनुकं असं समजून विद्यार्थी एफ-२ मध्ये ९:७ शोधतो. पण जनुकं इतकी जवळ आहेत की ती जवळजवळ कधीच वेगळी होत नाहीत. म्हणून एफ-२ मध्ये एक चतुर्थांश पहिल्या आजीसारखी, एक चतुर्थांश दुसऱ्या आजोबासारखी, दोन्ही न तुटणारी, आणि अर्धी तुटणारी. म्हणजे १:१. शंभर झाडांत ९:७ म्हणजे ५६ ला ४४, आणि १:१ म्हणजे ५० ला ५०. एवढ्या नमुन्यात हा फरक ठरवता येत नाही. एफ-३ कुळं पेरा. १:१ खरं असेल तर तुटणाऱ्या प्रत्येक एफ-२ झाडाची संतती पुन्हा अर्धी-अर्धी होईल. ९:७ असतं तर नऊतलं एक तुटणारं झाड शुद्ध निघालं असतं.

व्यवहारात उपाय सोपा आहे. पालकांची बीटीआर मार्कर (डीएनएमधली ओळखखूण) चाचणी संकराआधी करून घ्या. वेगळे वंश निघाले तर दुहेरी अगुणित, म्हणजे डबल हॅप्लॉइड, वंशावळी तयार करा. त्यात दोन्ही प्रती सारख्या असल्याने सगळ्या न तुटणाऱ्या निघतात. एफ-२ मध्येच काम करायचं असेल तर ओंब्या पिवळ्या होताच पिशव्या घाला. जमिनीवर सांडलेलं उत्पादन तुम्ही मोजत नाही आणि पुढच्या वर्षी ते तुमच्याच दुसऱ्या प्रयोगात उगवतं.

गवतासारखं वाढलं, ओंबीच नाही

युरोपचा हिवाळी सातू भारतात नोव्हेंबरात पेरला आणि मार्चपर्यंत फुटवेच फुटत राहिले, तर बी खराब नाही, त्याला पुरेशी थंडी मिळाली नाही. मोड आलेलं बी सहा ते आठ आठवडे ४ अंश सेल्सिअसला ठेवून मग लावा. दुसरी बाजू दिवसाच्या लांबीची. ‘पीपीडी-एच१’ हे जनुक लांब दिवसांत फुलोरा लवकर आणतं आणि उत्तर युरोपच्या उन्हाळी वाणांत त्याचं मंद रूप असतं. हा फरक लांब दिवसांतच दिसतो. आपल्याकडे पीक वाढतं डिसेंबर-जानेवारीच्या आखूड दिवसांत, तिथे दुसरी जनुकं सूत्रं हलवतात. आता २२ तास दिव्याखाली वर्षाला सहा पिढ्या काढायची पद्धत रुळली आहे आणि ती मी स्वतः वापरते, पण पिढ्या पुढे नेण्यासाठी. तिथे आधी फुललेलं झाड कर्नालच्या शेतातही आधी फुलेल, असं धरू नका.

वजनाने बी मोजू नका

छोटी चूक, पण दरवर्षी दिसते. दोनओळीचा दाणा टपोरा, हजार दाण्यांचं वजन ५० ग्रॅमच्या आसपास. सहाओळीचा लहान, ३८ ग्रॅम धरा. दोघांनाही वाफ्यागणिक ६० ग्रॅम बी दिलं तर एकीकडे १,२०० दाणे पडतात, दुसरीकडे जवळजवळ १,६००. मग सहाओळी दाट उगवते आणि आपण लिहितो की तिची उगवण चांगली. प्रत्येक नोंदीचं हजार दाण्यांचं वजन आणि उगवण टक्केवारी काढा, आणि चौरस मीटरला दाण्यांची संख्या समान ठेवा.

उगवण टक्केवारी काढताना एक लक्षात ठेवा. नुकत्याच काढलेल्या सातूला सुप्तावस्था असते. मळणीनंतर आठवड्याभरात घेतलेल्या चाचणीत ४० टक्के उगवण आली म्हणजे बी मेलं असं नाही. भिजवून तीन-चार दिवस थंडीत ठेवा, मग मोजा. माल्टच्या चाचण्या तर सुप्तावस्था उतरल्याशिवाय करूच नका. न उगवणारा दाणा माल्ट होत नाही आणि दोष वाणाच्या माथी येतो. पैदासकारासाठी यात खरं धर्मसंकट आहे. सुप्तावस्था फार कमी केली तर अवकाळी पावसात ओंबीतच मोड येतात, फार ठेवली तर माल्टवाला नाराज.

प्रत्येक वेळी तेच जनुक सापडतंय?

तीनशे वाण जमवले, दाण्याचं वजन मोजलं, जीनोमभर संबंध शोधणारं विश्लेषण चालवलं, आणि आलेखात दुसऱ्या गुणसूत्रावर उंच मनोरा, म्हणजे ठळक संबंधाची खूण, उभा राहिला. आनंदी होण्याआधी बघा, तो ‘व्हीआरएस-१’ च्या जागी तर नाही? २००७ मध्ये ओळखलं गेलेलं हे जनुक दोनओळी की सहाओळी ते ठरवतं. दोन्ही प्रकार मिसळलेल्या संचात दाण्याचं वजन, दाण्यांची संख्या, फुटवे, काहीही मोजलं तरी उत्तर तेच येणार, कारण एका ओंबीत तिप्पट दाणे भरायचे तर प्रत्येक दाणा लहान होणारच.

हिवाळी-उन्हाळी आणि तुसाचा-नग्न ही विभागणीही अशीच सगळीकडे डोकावते. वाणांच्या आपसांतल्या नात्याचं गणित मॉडेलमध्ये घातलं की प्रश्न सुटला असं समजू नका. दोनओळी आणि सहाओळी वेगळे करून दोन विश्लेषणं चालवा. संच छोटा होईल, मनोरे बुटके होतील, पण जे उरेल त्यावर विश्वास ठेवता येईल. मी तर म्हणेन, मिसळलेल्या संचातून निघालेला दाण्याच्या वजनाचा ‘नवा’ शोध कुणी पाठवला तर परीक्षकाने सर्वात आधी हाच प्रश्न विचारावा.

नकाशा कोणाचा?

सातूचा जीनोम सुमारे ५ अब्ज बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) आहे, माणसापेक्षा मोठा, आणि त्यातला ८० टक्क्यांहून जास्त भाग पुन्हापुन्हा येणाऱ्या क्रमांचा. २०१२ मध्ये पहिला आराखडा आला, २०१७ मध्ये ‘मोरेक्स’ या अमेरिकी सहाओळी वाणाचा संदर्भ जीनोम, मग २०१९ आणि २०२१ मध्ये सुधारलेल्या आवृत्त्या. प्रत्येक आवृत्तीत जनुकांची नावं आणि जागा बदलल्या. २०१८ च्या शोधनिबंधातला पत्ता घेऊन नव्या आवृत्तीत गेलात तर दुसऱ्याच जनुकाच्या दारात उभे राहाल. आवृत्तीचा उल्लेख नसलेली जागा वहीत लिहूच नका आणि जुनी जागा नव्यात आणताना मार्करचा क्रम स्वतः जुळवून बघा.

आता एक तांत्रिक अडचण, जिच्यावर मी दोन दिवस घालवले. क्रम जुळवून झाले, फाइल बनली, पण तिची बीएआय अनुक्रमणिका (फाइलमधली जागा पटकन शोधून देणारी यादी) तयार होईना. फाइल बिघडलेली नव्हती. बीएआय ही पद्धत एका गुणसूत्रात ५३.७ कोटी बेसपर्यंतच मोजू शकते आणि सातूची बहुतेक गुणसूत्रं त्याहून लांब आहेत; दुसरं तर ६६ कोटींच्या पुढे जातं. भात किंवा ज्वारीवर काम केलेल्याला ही मर्यादा कधी भेटतच नाही. सॅमटूल्स या सॉफ्टवेअरमध्ये सीएसआय या दुसऱ्या प्रकारची अनुक्रमणिका मागा. एखादं सॉफ्टवेअर ती वाचत नसेल तर गुणसूत्रांचे दोन तुकडे करून काम करा आणि शेवटी जागा परत जोडा. हे जोडणं विसरू नका, त्यातूनही चुकीच्या जागा छापल्या जातात.

सेंटिमॉर्गनचं (अदलाबदलीवरून मोजलेल्या अंतराचं) आणि बेसचं गणित सरळ नाही, हे त्याहून महत्त्वाचं. सातूत आई-बापाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल टोकांना होते. मधला जवळजवळ निम्मा भाग असा आहे की तिथे ती फार क्वचित घडते. तुमचं क्यूटीएल (गुणावर परिणाम करणारा गुणसूत्राचा पट्टा) मधल्या भागात पडलं आणि नकाशावर ते दोन सेंटिमॉर्गन रुंद दिसलं तरी खाली कोट्यवधी बेस आणि शेकडो जनुकं असू शकतात. आणखी हजार झाडं लावून तो भाग बारीक होईल अशी आशा धरू नका. उत्परिवर्तनांचा संच किंवा वेगवेगळ्या पारंपरिक वाणांतले तुकडे अशी दुसरी वाट शोधा.

आणि अदलाबदल टोकाजवळच्या भागातही होत नसेल तर? २०२० मध्ये २० वाणांचे पूर्ण जीनोम शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा सातव्या गुणसूत्राचा १४ कोटींहून अधिक बेसचा तुकडा काही युरोपीय वाणांत उलटा बसलेला सापडला. त्याचा माग १९६५ मध्ये तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात आलेल्या ‘डायमंट’ या वाणापर्यंत गेला. किरणोत्सर्गाने घडवलेला हा बुटका, न लोळणारा वाण युरोपच्या असंख्य वाणांच्या वंशावळीत आहे. किरणांनी झाड बुटकं केलं आणि सोबत गुणसूत्राचा तुकडा उलटवून गेले, हे पन्नासहून अधिक वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. ‘आरजीटी प्लॅनेट’सारखा वाण हा उलटा तुकडा बाळगतो. अशा वाणाचा सरळ तुकड्याच्या वाणाशी संकर केला तर त्या पट्ट्यात अदलाबदल दिसणार नाही, आणि विद्यार्थी मार्करना दोष देत बसेल. २०२४ मध्ये जीनोमांची संख्या ७६ वर गेली. तुमच्या पालकांच्या जवळचा जीनोम त्यात आहे का, ते मोरेक्सला हात लावण्याआधी बघा. माल्टसाठी कळीचं अल्फा-अमायलेजचं एक जनुक तर वाणागणिक वेगवेगळ्या संख्येच्या प्रतींत असतं. छोटे तुकडे वाचून एका संदर्भावर जुळवलं की त्या सगळ्या प्रती एकावर एक पडतात आणि एकच दिसते.

चांगल्या शेतात निवडलेलं कोणासाठी?

हा भाग मला सर्वात जवळचा, कारण कोरडवाहू भागात वाढलेल्या माणसाला तो लगेच समजतो. सीरियात अलेप्पोजवळ तेल हाद्या इथे इकार्डा या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मोठं केंद्र होतं. तिथे साल्वातोरे चेकारेली आणि स्टेफानिया ग्रांदो या पैदासकारांनी वर्षानुवर्षं दाखवलं की खत-पाणी दिलेल्या केंद्रावर पहिली आलेली वंशावळ शेतकऱ्याच्या कोरड्या रानात पहिली येत नाही. तिथे ‘अरबी अस्वद’ आणि ‘अरबी अब्यद’ हे जुने स्थानिक वाण टिकून राहत. मग त्यांनी निवडच शेतकऱ्यांच्या रानात, शेतकऱ्यांच्या हाताने सुरू केली. शेतकरी उंच झाडाला पसंती देत, कारण दुष्काळी वर्षात बुटकं पीक कापता येत नाही आणि मेंढ्यांना काड मिळत नाही. केंद्रावरच्या तक्त्यात काडाचा रकानाच नव्हता.

एकाच गुणामागे धावण्याची चूक याच घरातली. साठच्या दशकाच्या शेवटी इथिओपियाच्या संग्रहात लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर असलेला ‘हायप्रोली’ सापडला आणि मोठी आशा निर्माण झाली. दाणा मात्र सुरकुतलेला, उत्पादन कमी. त्या पिढीतल्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला. तुमच्या निवडीच्या तक्त्यात दाण्याचा भरीवपणा आणि वाफ्याचं उत्पादन पहिल्या वर्षापासून असू द्या, तुमचा विषय बीटा-ग्लुकन असला तरी.

मूळ बी वेगळं ठेवलंत का?

जनुकपेढीतून आलेल्या एका पाकिटात दोन-तीन प्रकारची झाडं असणं अगदी सामान्य आहे, विशेषतः पारंपरिक वाणांत. गाटर्सलेबेनच्या जर्मन पेढीने आपल्याकडचे सुमारे २२ हजार सातू डीएनएने तपासले तेव्हा वेगवेगळ्या क्रमांकांखाली एकच वाण असल्याचीही उदाहरणं निघाली. पाकीट आलं की एक झाड निवडा, त्याचीच संतती वाढवा, त्याचाच डीएनए काढा, त्याच्याच ओंबीशी संकर करा, आणि त्या झाडाला पाकिटापेक्षा वेगळा क्रमांक द्या. पाकिटातलं मूठभर बी एकत्र पेरून एका झाडाचा डीएनए आणि दुसऱ्याचं उत्पादन जोडणं ही चूक पुढे कुणालाही शोधून काढता येत नाही.

आणि पाकिटातलं सगळं बी पेरू नका. इकार्डाला युद्धामुळे तेल हाद्या सोडावं लागलं, पण त्यांच्या बियांच्या प्रती नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या डोंगरात खोदलेल्या तिजोरीत होत्या. २०१५ मध्ये त्यांनी त्या परत मागितल्या, त्या तिजोरीतून बी बाहेर निघण्याची ती पहिली वेळ. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते बी पेरून वाढवलं, आणि २०१७ मध्ये नवं बी पुन्हा तिथे नेऊन ठेवलं. तुमच्या प्रयोगासाठी एवढं नको. प्रत्येक पालकाचे आणि प्रत्येक एफ-१ चे तीस-चाळीस दाणे वाळवून, कागदी पाकिटात, हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये, आणि पाकिटावर पेन्सिलीने पिढी, आई, बाप, वर्ष. पेन्सिलीनेच, कारण ओल लागली की शाई पसरते. माझ्या पहिल्या हंगामातली सात पाकिटं अशीच वाचता न येणारी झाली होती.